कुंकवाखालचं काजळ

सोमवार, २ फेब्रुवारी २०२६. दुपारी चार वाजून सात मिनिटं. मी चहाचं आधण ठेवलं होतं आणि मोबाईल वाजला. नगरच्या एका छायाचित्र मंडळाकडून ईमेल आला होता. मंडळाचं नाव इथे लिहीत नाही. ज्यांच्यासाठी हे लिहिते आहे त्यांना ते कळेल, बाकीच्यांना त्याची गरज नाही. मजकूर असा: "आपली 'गयाबाई' ही प्रवेशिका अपात्र ठरवण्यात येत आहे. छायाचित्र संगणकनिर्मित असल्याचे निवड समितीचे मत आहे."

खाली कारणं होती. एक, झाडे पांढरी व आकाश काळे असून असे दृश्य जिल्ह्यात संभवत नाही. दोन, वृद्ध स्त्रीच्या चेहऱ्यावर सुरकुत्या नाहीत. तीन, कपाळावरील कुंकू कंकणाकृती असून मध्ये फिकट आहे, ही संगणकाची नेहमीची चूक होय. चार, उजव्या हाताची मूठ वळलेली असून हातात काहीही नाही. आणि शेवटी: "सदर व्यक्ती अस्तित्वात नसावी."

आधण उतू गेलं.

मी अडुसष्ट वर्षांची निवृत्त बाई आहे. संगणकावर मला विजेचं बिल भरता येतं, तेही दुसऱ्या खेपेला. अस्तित्वात नसलेली माणसं तयार करण्याएवढी माझी अजून मजल गेलेली नाही. लहानपणी नगरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला तक्रार कशी लिहावी ते शिकवलं होतं. रडायचं नाही, विशेषणं कमी वापरायची. तारीख, वेळ, काय घडलं, तुम्हाला काय हवं, आणि कधीपर्यंत. तारीख आणि वेळ वर दिली आहे. 'काय घडलं' याला मात्र जरा जागा लागेल. माझी प्रवासाची टिपणं वाचणाऱ्या नेहमीच्या वाचकांनी घाबरू नये. रस्ते, खाणं, फिल्टर, एक्स्पोजर, सगळं येणार आहे. समितीने तर एकही ओळ गाळू नये.

नोकरीची बरीच वर्षं मी शेतीसंशोधनाच्या एका खात्यात फोटो काढण्यात घालवली. राहुरीच्या बाजूला आमचे प्रयोगाचे प्लॉट होते. तेव्हा परदेशातून इन्फ्रारेड फिल्म यायची. लाल रंगाच्या पलीकडे जो प्रकाश असतो, जो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, तो या फिल्मला दिसतो. निरोगी पान हा प्रकाश जवळजवळ सगळा परत फेकतं, म्हणून फोटोत झाड पांढरं येतं. रोगट पान काळवंडतं. आपल्याला ऊस हिरवागार दिसत असतो तेव्हाच फिल्मला कळलेलं असतं की याचं काही खरं नाही. निळं आकाश आणि पाणी काळं येतं. ही फिल्म आम्ही गुरांच्या लशींच्या फ्रीजमध्ये ठेवायचो आणि डॉक्टर लोक रोज कुरकुर करायचे.

प्रत्येक फोटोत पिकाची उंची कळावी म्हणून कोणीतरी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी धरून उभं राहायचं. ते काम गयाचं. रोजंदारीवर होती, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, आणि उभं राहण्यात तिच्यासारखं कोणी नव्हतं. आमचं एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर उजेड पडू द्यायचा वेळ, कधी अर्ध्या सेकंदाचं, कधी एका सेकंदाचं. बाकीच्या बाया हसायच्या, डोक्यावरचा पदर सारखा करायच्या. गया खांबासारखी राहायची. शेकडो फोटोंत ती आहे. अहवालात खाली छापलेलं असायचं, 'काठीची उंची दोन मीटर'. काठी धरणारीचं नाव कुठेही नाही. बऱ्याच वेळा तिला कापूनच टाकलेलं असायचं. मनगट तेवढं उरायचं.

एकदा सगळ्या प्रिंटमध्ये प्लॉटच्या पाट्या कोऱ्या आल्या. साहेबांनी विभाग डोक्यावर घेतला. नंतर उलगडा झाला: आकडे लाल ऑइलपेंटने लिहिले होते, आणि लाल रंग या फिल्मला दिसतच नाही. तो पांढऱ्यात विरघळून जातो. मग आम्ही जवसाच्या तेलात काजळी खलून आकडे लिहायला लागलो. काजळी म्हणजे शुद्ध कार्बन. ती कुठल्याही फिल्टरमधून काळीच राहते. पाट्यांचा प्रश्न सुटला. गयाच्या कपाळाचं कोणाच्या मनातही आलं नाही.

ते आलं दिवाळीत. गयाचा एक छान प्रिंट मी भेट म्हणून तिला दिला, उसाच्या कडेला काठी धरून उभी असलेली. तिने तो हौसेने घरी नेला. तिच्या सासूने उजेडात धरून पाहिला. हिरवं लुगडं पांढरंफेक. कपाळ कोरं. सासूने तिथल्या तिथे फोटो चुलीत घातला आणि पोराला, म्हणजे गयाच्या नवऱ्याला, सोपानभाऊंना पाटावर बसवून त्यांची दृष्ट काढली. ते बिचारे नुकतेच बैल धुऊन आले होते. त्यानंतर गयाने घरी कधी कॅमेरा येऊ दिला नाही. कामावर उभी राहायची, कारण त्याचे पैसे मिळत. मुलाच्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा ती पाठमोरी आहे.

गेल्या वर्षी या मंडळाने 'जिल्हा आणि माणसं' अशा प्रदर्शनाची जाहिरात दिली. मी गयाला फोन केला. म्हटलं, "तुझा फोटो काढायला येते. काठीशिवाय."

"आता काय राह्यलंय माज्यात," ती म्हणाली. मागून सोपानभाऊंचा आवाज आला, "इन्फ्रारेडच काढा म्हनावं. चाळीस वर्सं झाली, आता तरी मला जित्ता दावा."

तोच ठराव पास झाला. दिवाळी आटोपल्यावर एका गुरुवारी मी पुण्याहून निघाले.

पुणे-नगर एसटी साधारण तीन तासांत पोचते, वाघोलीत अडकली नाही तर. ती अडकतेच. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे शंभराच्या आसपास काम होतं. कंडक्टरने माझ्याकडे आधारकार्ड मागितलं. वय पाहून अर्धं तिकीट द्यायचं की बाई म्हणून, असा त्याला प्रश्न पडला होता. मी म्हटलं, "दोन्ही धरून फुकट होतं का?" तो म्हणाला, "आजी, तेवढं डोकं सरकारला असतं तर मी कंडक्टर कशाला झालो असतो." सुप्याला गाडी थांबते तिथे चहा घ्या, मिसळीच्या नादी लागू नका, रस्सा सकाळचा असेल तरच बरा.

फिल्मबद्दल. आता मिळते ती जर्मन बनावटीची, एक रोल दीड हजाराच्या पुढेच जातो. जुन्या फिल्मला झाडांभोवती एक प्रभा यायची, ती हिला येत नाही; त्याबद्दल मी कंपनीला मनातल्या मनात पत्र लिहून ठेवलं आहे. फिल्म उन्हात भरायची नाही. सावलीतसुद्धा नाही. कॅसेटच्या फटीतून प्रकाश आत शिरतो आणि पहिले चार-पाच फोटो धुरकट होतात. डिकीत ठेवायची नाही, गाडीची डिकी नोव्हेंबरातही तापते. मी ती जेवणाच्या डब्याच्या पिशवीत, बर्फाच्या पाकिटाशेजारी ठेवते.

नगरला आता अहिल्यानगर म्हणायचं. मी म्हणते, पाट्यांवर. तोंडात नगरच येतं. तारकपूर स्टँडजवळ एक स्वच्छ लॉज आहे, गरम पाणी सकाळी आठपर्यंत. संध्याकाळी शाळेवरून चक्कर मारली. भिंत होती तेवढीच आहे, मी बुटकी झाले असेन. आतून मुलींचा प्रार्थनेनंतरचा गलका ऐकू आला आणि मला उगाचच वाटलं, आपला गृहपाठ राहिला आहे.

शुक्रवारी घोडेगाव. सांगण्यासारखं कारण नाही; जनावरांचा बाजार असतो आणि नोकरीत असताना दर शुक्रवारी तिकडून जाताना मी साहेबांना म्हणायचे, "थांबू या ना", आणि साहेब कधी थांबले नाहीत. या वेळी मी थांबले. नगरहून संभाजीनगरच्या रस्त्याला तासाभरात पोचता येतं. ऊसतोड सुरू झाली असल्याने ट्रॉल्यांच्या मागे मागे.

इथे फिल्टर निवडण्याचा पहिला धडा. माझ्याकडे दोन फिल्टर होते. एक गडद लाल: त्यातून डोळ्याला दिसतं, एक्स्पोजर तीनेक स्टॉपच वाढवावं लागतं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), झाडं थोडी उजळतात, आकाश काळपटतं. दुसरा ७२० नॅनोमीटरचा: डोळ्याला तो काळा दगड. आधी तिपाईवर कॅमेरा पक्का करायचा, फ्रेम बघायची, फोकस करायचा, फोकसची रिंग लेन्सवरच्या लाल खुणेपर्यंत सरकवायची (इन्फ्रारेड थोडा वेगळ्या जागी जुळतो, नव्या लेन्सवर ही खूणच नसते, मग छिद्र लहान ठेवा आणि देवावर भार घाला), मग फिल्टर लावायचा आणि काहीही न दिसता फोटो काढायचा. उजेड मीटरने फिल्टरशिवाय मोजायचा आणि सहा स्टॉप वाढवायचे. भर उन्हात लेन्सचं छिद्र एफ ११ ला ठेवून पाव सेकंद, अर्धा आणि एक, असे तीन काढून ठेवायचे. आणि सकाळ-संध्याकाळच्या सोनेरी उन्हाचं कौतुक इथे विसरा. इन्फ्रारेडला दुपारचं बारा ते दोनचं ऊन लागतं, ज्या उन्हात फोटोवाले झोपलेले असतात.

बाजारात लाल फिल्टर लावायला हवा होता. मी हट्टाने काळा लावला.

"बाई, म्हैस घ्यायचीय का फोटू?" एका दलालाने विचारलं.

"फोटो. अर्धा सेकंद हलू नको म्हणावं तिला."

"ती माजं ऐकत आस्ती तर आठ दिसांपूर्वीच इकली आस्ती."

म्हशी अर्थातच हलल्या. घरी आल्यावर पाहिलं तर दावणीला नुसतं धुकं बांधलेलं. एक फोटो मात्र निघाला आहे. दोन माणसं एका उपरण्याखाली हात घालून उभी आहेत. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत, कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. आजूबाजूचं सगळं विरघळलंय, ही दोघं ठाम. सौदा चालू असताना माणूस श्वाससुद्धा जपून घेतो हे मला फिल्मने शिकवलं.

शनिवारी गयाच्या गावी. हिवरे बाजारच्या अलीकडे फाटा आहे, तिथून आत. नगरहून रिक्षा येते, पण परतीचं आधीच ठरवून घ्या. रस्ता चांगला आहे. डावीकडे जी टेकडी दिसते तिच्याकडे बघत मी रिक्षावाल्याला दोनदा थांबवलं. आमच्या काळात सर्वेक्षणासाठी ही टेकडी मी या फिल्मवर काढली होती. फोटोत ती कोळशाचा ढीग दिसायची. पान म्हणून नव्हतंच तिच्यावर. मग गावाने आडवे चर खणले, श्रमदान केलं, रोपं लावली. आता ती हिरवी आहे. चरांच्या रेषा अजून दिसतात, शिवणीसारख्या.

गया ओट्यावर वाट बघत बसली होती. केस पांढरे, पाठ तशीच ताठ.

"लई वाळल्या, बाई. पुन्यात जेवाय घालत न्हाईत व्हय?"

"पुण्यात मीच स्वयंपाक करते."

"मंग बराबर हाय."

आधी जेवण. बाजरीची भाकरी, वांग्याचं कोरडं कालवण, शेंगदाण्याची चटणी आणि वर घरचं दही. सोपानभाऊ आता ऐकायला कमी येतं म्हणतात, पण नको ते बरोबर ऐकतात. सून मनीषा, तिची सहा महिन्यांची मुलगी मांडीवर. मी फिल्म भरायला अंधारी जागा मागितली. घरात सगळीकडे खिडक्या. शेवटी गयाने दोन गोधड्या माझ्या डोक्यावरून टाकल्या आणि आत हात घालून मी रोल बसवला. बाहेरून सोपानभाऊ म्हणाले, "वाफारा घेत्यात का काय बाई?"

मग मूळ प्रश्न. गयाला फोटो कुठे हवा होता, तर टेकडीच्या पायथ्याच्या करंजाखाली. तो तिने स्वतः लावलेला. फोटो चुलीत गेला त्याच्या पुढच्या पावसाळ्यात. तिला करंज पांढरा हवा होता. "तुमच्या त्या फोटूत चांगलं पीक पांढरं यायचं ना, तसा. टेकडी बी पांढरी येऊ द्या. काळी लई बघितली." आणि कपाळावर कुंकू हवं होतं.

मी तिला समजावलं की दोन्ही एकदम जमत नाही. काळा फिल्टर लावला तर करंज पांढरा होईल आणि कुंकू जाईल. लाल फिल्टर लावला तर करंज अर्धामुर्धा उजळेल आणि कुंकू तरीही जाईल, कारण लाल काचेतून लाल रंग पांढराच दिसतो. फिल्टर काढून टाकला तर कुंकू राहील, पण करंज साधा राखाडी, टेकडी राखाडी, कोणीही मोबाईलवर काढावा तसा फोटो.

"लुगडं पांढरं झालं तर होऊ द्या," गया म्हणाली. "कपाळ पायजे."

"मी रंगीत फिल्म आणली असती तर बरं झालं असतं."

"म्हंजी एवढ्या लांब येऊन आता न्हाई म्हंता?"

 सोपानभाऊ टोपी काढून पुन्हा घालत होते. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. फोटोत त्यांना यायचं नव्हतं. तरीही घातला होता.

तेवढ्यात मनीषाची पोर रडली आणि तिने मान फिरवली. तिच्या गालावर काजळाची तीट होती. मी ती बघत राहिले. मला त्या पाट्या आठवल्या.

"मनीषा, हे काजळ विकतचं की घरचं?"

"घरचं. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली धरून आत्याच करतात. डबीतलं हिला झोंबतं."

घरचं काजळ म्हणजे काजळी. मी गयाला म्हटलं, "कुंकवाच्या जागी काजळाचा टिळा लाव. फोटोत काळा येईल, कुंकवासारखाच दिसेल."

गयाने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तेवीस वर्षांची झाले. "काळा टिळा तान्ह्या लेकराला लावत्यात, बाई. सवाष्णीला न्हाई. तुमच्या शाळंत शिकिवलं न्हाई वाटतं."

"शाळेत कुंकूच पुसायला लावायचे."

"मंग बराबर हाय."

यावर थोडा वेळ गेला. वेळ जाऊन चालणार नव्हतं. बारा वाजून गेले होते, वारा दुपारनंतर उठतो आणि करंजाची पानं अर्ध्या सेकंदाला थांबत नाहीत. शेवटी मनीषा म्हणाली, "आत्या, खाली काजळ आणि वर कुंकू लावा की. देवाला दिसायचं ते वरचं दिसंल." मी म्हटलं, वर चिमूटभरच, दाट नको, दाट थर दिला तर काजळ झाकून जाईल. गयाने आरशात बघून मेणावर काजळाचा चांगला बंद्या रुपयाएवढा टिळा लावला आणि मधोमध चिमटीने कुंकू. समोरून बघताना काळ्या काठाचं लाल कुंकू. तिने सोपानभाऊंकडे बघितलं. ते म्हणाले, "झ्याक हाय. लगीन करतीस का?"

"केलं तेवढं बास झालं."

करंजाखाली तिला अशी उभी केली की सावली मागे राहील आणि चेहऱ्यावर ऊन येईल. या फिल्मवर मऊ सावलीचा उपयोग नाही, ऊनच हवं. एफ ११. एक सेकंद दिला तर चेहरा उजेडात वाहून जाईल आणि टिळाही. पाव सेकंद दिला तर टेकडी अंधारी राहील. अर्धा नक्की केला, पण तिन्ही काढायचे ठरवले.

"श्वास धरू?" तिने विचारलं. चाळीस वर्षांनंतरही तोच प्रश्न.

"अर्धा सोड, मग धर."

मी फिल्टर लावला. मला आता काही दिसत नव्हतं, म्हणून मी कॅमेऱ्याच्या वरून तिच्याकडे बघितलं. तिचा उजवा हात खांद्याच्या रेषेत बाजूला आला होता आणि मूठ वळली होती. काठी नव्हती. हात काठीच्या जागी गेला होता.

"गया, हात खाली घे."

तिने बघितलं, हसली, हात खाली घेतला. मी शटरची केबल दाबायला गेले, तोवर हात पुन्हा वर. "त्यो आपला आपन जातोय," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या. त्याला बी येऊ द्या फोटूत."

राहू दिला. तीन फोटो काढले. शेजारी उभी राहून मनीषाने मोबाईलवर एक काढला, हिरव्या झाडाचा, लाल कुंकवाचा, सुरकुत्यांचा. तो माझ्याकडे आहे. समितीने लक्षात ठेवावं.

रविवारी सकाळी निघाले तेव्हा गयाने पिशवीत बाजरीचं पीठ, चटणी आणि एक काजळाची डबी घातली. "पुढच्या बारीला लागंल." रिक्षा फाट्यापर्यंत आली तरी सोपानभाऊंची पांढरी टोपी ओट्यावर दिसत होती.

फिल्म मी माझ्याच न्हाणीघरात धुतली. लॅबकडे द्यायची तर आधी तासभर समजावून सांगावं लागतं की झाडं पांढरी येणारच आहेत, दुरुस्त करू नका. ओली पट्टी दोरीवर लावण्याआधी दिव्यासमोर धरली. अर्ध्या सेकंदाचा जमला होता. नंतर कागदावर प्रिंट उतरवला, आणि ट्रेमध्ये हळूहळू पहिली टेकडी आली, काळ्या आकाशाखाली दुधासारखी. मग करंज, मग गयाचं पांढरं लुगडं, मग तिचा चेहरा. या प्रकाशाला कातडीच्या वरच्या रेघा दिसत नाहीत, आतला उजेड दिसतो. तिचा सावळेपणा, माझा गोरेपणा, असले भेदही त्याला दिसत नाहीत. लग्नाच्या बाजारात ज्यांनी रंगावरून तिला दोनदा नकार दिला होता त्यांना हे आधी कळायला हवं होतं. सगळ्यात शेवटी कपाळ. एक काळं कडं, मध्ये फिकट ठिपका. कुंकू तिथे होतं. चंद्राला खळं पडावं तसं, पण होतं.

मी ट्रेमध्ये बघत बराच वेळ स्टुलावर बसले. जुन्या नोकरीतले किती दिवस डार्करूमच्या असल्याच मंद दिव्याखाली गेले, आणि त्यातला एकही मला आतापर्यंत इतका जवळ वाटला नव्हता. शेकडो वेळा तिला मी फ्रेममध्ये धरलं होतं, आणि दर वेळी बघत होते उसाकडे.

एक प्रिंट मी पोस्टाने गावी पाठवला. तो देवघराच्या वर लावला आहे असं मनीषाने कळवलं. दुसरा मंडळाकडे गेला. उद्घाटनाला गावातून जीप करून यायचं ठरलं आहे. गया म्हणाली, "भिंतीवर आपन कसं दिसतो त्ये परक्यांच्या मधी उभं राहून बघायचंय." तिला एवढंच हवं आहे. प्रिंटखाली तिचं नाव, आणि ते वाचणारी अनोळखी माणसं.

त्या सोमवारी ईमेल आल्यावर मी आधी मंडळाच्या सचिवांना फोन केला. सभ्य गृहस्थ वाटले. म्हणाले, "मॅडम, आम्ही सॉफ्टवेअरला टाकून बघितलं. ते बनावट सांगतंय."

"तुमच्या सॉफ्टवेअरने नगरचं ऊन कधी बघितलं आहे का?"

"तसं नाही, पण नियम..."

"मी निगेटिव्ह पाठवते."

"निगेटिव्हची आमच्या फॉर्मवर सोय नाही, मॅडम."

मग गयाला फोन केला. लपवून काय उपयोग, जीप ठरलेली. मी पत्र वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य तिने पुन्हा वाचायला लावलं.

"म्हंजी मी न्हाईच व्हय, बाई?"

"असं त्यांचं म्हणणं आहे."

"मंग त्या काठ्या कुनी धरल्या?"

 तिकडे फोन हातातून हातात गेला. सोपानभाऊ म्हणाले, "बाई, तवा फोटूनं मला मारलं. आता हिलाच न्हाई म्हंत्यात. एक डाव तरी दोगंबी जित्ते निगू द्या की." आणि ते हसले, पण नेहमीसारखं नाही.

प्रवासातून माझ्याजवळ काय उरलं, असं वाचक विचारतात. बाजरीचं पीठ संपलं. म्हशींचं धुकं मी कपाटात ठेवलं आहे. काजळाची डबी टेबलावर, फिल्टरच्या शेजारी आहे. तिसरा फिल्टर म्हणून मी ती आता कॅमेऱ्याच्या पिशवीतच ठेवणार आहे. आणि ती वळलेली मूठ. मी ती बघते तेव्हा मला काठी स्पष्ट दिसते, लाल-पांढरी, दोन मीटर. न दिसणारी गोष्ट दाखवण्यासाठीच ही फिल्म असते, समितीने एवढं तरी वाचून यायला हवं होतं.

आता सिस्टरांनी शिकवलेला शेवटचा भाग: काय हवं.

निवड समितीने आपला निर्णय मागे घ्यावा. 'सदर व्यक्ती अस्तित्वात नसावी' हे वाक्य मागे घेत असल्याचं वेगळं लिहावं, आणि ते मला नव्हे, गयाबाईंना उद्देशून लिहावं. पत्ता प्रवेशिकेत आहे. फोटो इतर फोटोंच्या ओळीत, डोळ्यांच्या उंचीवर लावावा. खाली तिचं पूर्ण नाव असावं. माझं नाही छापलं तरी चालेल. सोबत मी निगेटिव्हची पट्टी, तिन्ही एक्स्पोजरचे प्रिंट आणि मनीषाचा मोबाईलवरचा फोटो स्पीड पोस्टाने पाठवते आहे, फॉर्मवर सोय असो की नसो.

उत्तर लेखी हवं आहे, शुक्रवार १३ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत. फोनवरची दिलगिरी चालणार नाही.

ते आलं नाही, तर शनिवारी पहिल्या एसटीने मी नगरला येते आहे. गया आणि सोपानभाऊ तारकपूरला भेटतील. आम्ही तुमच्या दारात बरोबर बारा वाजता उभे राहू, सावली सोडून, उन्हात. समितीने बाहेर यावं, आणि ती नाही हे तिला तोंडावर सांगावं.